रथसप्तमीपर्यंतचा तिळगूळ

आमच्या बालीगंजच्या घरात मोठी पुरुषमाणसं दोनच, आणि त्या हिवाळ्यात तीही एकमेकांशी बोलेनाशी झाली.

एक माझे वडील, खिदिरपूरच्या गोदीत कस्टमचे अधिकारी. दुसरा त्यांचा धाकटा भाऊ, माझा काका, एस्प्लनेडजवळच्या एका विमा कचेरीत कारकून. आजी-आजोबा गेल्यावर काका लहानपणीच साताऱ्याहून आमच्याकडे आला. आईनंच त्याला वाढवलं. ती त्याला भावजी म्हणे, पण रागवायची ती पोटच्या पोरावर रागवावं तशी.

देशातली पहिली निवडणूक तोंडावर आली होती. सरकारी नोकरीमुळे वडिलांना बाहेर चकार शब्द काढता येत नसे, ती सगळी कसर ते घरात भरून काढत. ज्यांनी तुरुंग भोगून स्वातंत्र्य आणलं त्यांना मत न देणं म्हणजे कृतघ्नपणा, असं त्यांचं साधं गणित. काका कचेरी सुटली की लाल बावट्याच्या मिरवणुकीत. स्टेशनच्या फलाटावर निर्वासितांचे संसार अजून उघड्यावर आहेत, रेशनला कुबट तांदूळ मिळतोय, हेच का ते स्वातंत्र्य, असं तो विचारी. दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

भोगीच्या दिवशी ठिणगी पडली. आईनं बडाबाजारातून मुद्दाम आणवलेल्या बाजरीची भाकरी वाढली होती. वडील म्हणाले, "माझ्या छपराखाली राहून हे चालणार नाही." काका भरल्या ताटावरून उठला. म्हणाला, "मग छप्पर सोडतो. पहिल्या तारखेला मेसमध्ये खोली घेतो राहायला." आमच्याकडे भरल्या ताटावरून कुणी उठत नसे. आईचा चेहरा मी विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. धाकट्यानं थोरल्याच्या पाया पडायचं, थोरल्यानं त्याच्या हातावर तिळगूळ ठेवून "गोड बोल" म्हणायचं, ही घरची रीत. काका आम्हा बाकी सगळ्यांना तिळगूळ देऊन चपला घालून निघून गेला. वडील वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले. आईनं दोन वड्या डब्यात बाजूला ठेवल्या आणि म्हणाली, "रथसप्तमीपर्यंत चालतो तिळगूळ. एवढी घाई नाही." पण रथसप्तमी पहिल्या तारखेनंतर येत होती, हे तिलाही कळत होतं.

मग निरोपानिरोपी सुरू झाली. "काकाला सांग, दिवा मालव." "बाबांना सांग, वाचून झाल्यावर मालवतो." दोघंही एकाच खोलीत! मी सोळा वर्षांची, आणि माझं पार पोस्ट ऑफिस झालं होतं.

आईच्या मतासाठी मात्र दोघांची चढाओढ. वडील चहा पिताना तिला पेटीवरची खूण समजावत, काका भाजी निवडता निवडता दुसरी खूण समजावी. ती दोघांनाही "बघू" म्हणे. मतदारयादीत नाव घालायला माणूस आला होता तेव्हा शेजारच्या बाईंनी नुसतंच "अमक्याची आई" सांगितलं होतं, आणि त्यांचं नाव पुढे गळलं. माझी आई दारात येऊन स्वतःचं नाव खणखणीत सांगून मोकळी झाली होती. तिचं "बघू" किती पक्कं असेल, हे त्या दोघांच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मतदानाच्या दिवशी ती संक्रांतीची काळी चंद्रकळा नेसली. दोघंही सोबत यायला निघाले. "रस्ता ठाऊक आहे मला," ती म्हणाली, आणि मला घेऊन निघाली. मी शाळेच्या फाटकाशी थांबले. पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. आई बाहेर आली ती बोटावरची शाई पदराला लागू नये म्हणून हात लांब धरून, ताठ मानेनं.

संध्याकाळी दोघंही वाटच बघत होते. "कुणाला दिलंस?" वडिलांनी विचारलं.

आई आत गेली आणि लग्नात आणलेली ट्रंक ओढत बाहेर आली. एकेक लुगडं त्यात ठेवू लागली.

"अगं, हे काय?"

"तुमच्या दोघांपैकी एकाच्या तरी मनाविरुद्ध मत देऊन आलेय मी. वेगळ्या मताच्या माणसाला या घरात छप्पर नाही, असं ठरलंय ना? मग मी आधी निघते."

"तुझी गोष्ट वेगळी," वडील म्हणाले.

"वेगळी कशी? मोजताना सगळ्यांचं सारखंच मोजतात म्हणे. आणि भावजी, तुम्ही हो? भरल्या ताटावरून उठायला मी शिकवलं होतं का तुम्हाला?"

काकाच्या डोळ्यांत पाणी आलं. वडील उठले आणि त्यांनी डबा उघडला. इथल्या खजुराच्या गुळाच्या वड्या त्या, मुळातच मऊ. इतक्या दिवसांत तळाला चिकटून बसल्या होत्या. उलथन्यानं खरवडून काढाव्या लागल्या. काका वाकला. त्याच्या हातावर तो लगदा ठेवत वडील म्हणाले, "घे. गोड बोलू नकोस हवं तर. पण बोल."

काका मेसमध्ये गेला नाही. भांडणं काही थांबली नाहीत, उलट आवाज चढेच राहिले, पण ताटावरून पुन्हा कुणी उठलं नाही. आईनं मत कुणाला दिलं ते कधीच सांगितलं नाही. वडिलांची खात्री, तिनं लाडक्या दिराच्या पक्षाला दिलं. काकाची खात्री, वहिनी दादाच्या शब्दाबाहेर जाणार नाही. दोघंही स्वतःला हरलेला समजत आणि दोघांनीही तिला माफ करून टाकलं होतं. तिच्या पोटी जन्मले याचा मला फार अभिमान आहे.

पुढच्या निवडणुकीत माझं पहिलं मत. शाई लावून घरी आले, तर वडिलांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कुणाला?"

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाला, "दादा, विचारू नकोस. ट्रंक काढेल ती."