ताणा चूक, विकृती बरोबर

आमच्या मागच्या घरातल्या मुलीला हातमाग प्रशिक्षण केंद्रात शिकवण्याची नोकरी हवी होती. अर्जाला वस्त्रविद्येचं प्रमाणपत्र लागत होतं. ते एका मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमातून मिळणार होतं. हजारो विद्यार्थी, घरबसल्या शिक्षण, इंग्रजी व्याख्यानाखाली मराठी ओळी. वर्तमानपत्रात असताना अशा अभ्यासक्रमांच्या बातम्या मी पहिल्या पानावर लावल्या होत्या. त्यांचे मथळेही माझेच.

व्याख्यानं चांगली होती, हे नोंदवायला हवं. यंत्रमाग आतून कसा चालतो हे तिने पहिल्यांदा त्यातच पाहिलं, दहा वेळा थांबवून. तिचे वडील विणकरांच्या सक्करदरा वस्तीत मागावर लुगडी विणत. माग विकल्यावर ते एका इमारतीच्या फाटकावर पहारा करू लागले. पाळी नसली की तेही तिच्या मोबाइलमध्ये डोकावत.

मराठी ओळी भाषांतराच्या यंत्राने केलेल्या होत्या. उभ्या धाग्यांना इंग्रजीत 'वार्प' म्हणतात. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ वाकडं होणं. यंत्राने नेमका तो उचलला. पडद्यावर आलं, 'विणण्यापूर्वी विकृती घट्ट ताणून घ्या.'

"कोणाची वं?" वडिलांनी विचारलं. "त्या मास्तरची का?"

दोघं पोट धरून हसली.

शेवटच्या परीक्षेत प्रश्न आला: उभ्या धाग्यांना काय म्हणतात? तिने लिहिलं, ताणा. घरात पिढ्यान्‌पिढ्या तोच शब्द. यंत्राने चूक दिली. एका गुणाने नापास. दुसऱ्या खेपेला तेच. तीनच संधी होत्या आणि अर्जाची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती.

ती माझ्याकडे आली. मी अभ्यासक्रमाच्या संकेतस्थळावर तक्रार लिहिली. उत्तर तत्काळ आलं: आभार, आपली तक्रार निकाली काढली आहे. चर्चेच्या पानावर कित्येकांनी हीच शंका विचारली होती. शिक्षक तिथे फिरकलेच नव्हते. एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं, 'विकृती टाका, पास व्हाल.' खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग. मला शिसारी आली.

"काका, काय लिहू जी?"

"विकृती लिही," मी म्हणालो. दुसऱ्यांचे चुकीचे शब्द खोडण्याचाच पगार मी आयुष्यभर घेतला होता.

तिने लिहिलं. हिरवी खूण उमटली. सोनेरी चौकटीचं प्रमाणपत्र आलं. ते कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून तिने मला दाखवायला आणलं.

"अन् केंद्रात पोरीईले शिकवतांना काय म्हणू?"

"ताणाच म्हण."

"मंग हे लिहाले काहून लावलं?"

मी कागदावरची अक्षरं पुन्हा तपासू लागलो. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि अर्जाला टाचला.