गेमच्या मशिनींचा कारखाना

सिंदी रेल्वे या गावी भेटलेल्या त्या सुताराचं नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. व्हिडिओ गेम नवे होते, तेव्हा त्याने गेमच्या मशिनी बनवायचा कारखाना काढला होता. कारखाना म्हणजे घरामागची टिनाची शेड. आतला बोर्ड आणि पडदा नागपूरहून यायचा. लाकडी पेटी, बटणं आणि दांडा त्याच्या हातचा. त्याच्या मशिनी पार गिरडच्या जत्रेपर्यंत जायच्या. मग मोबाईल आले आणि शेडमध्ये एकच मशीन उरली. ती माझ्या पुतण्याच्या वर्ध्यातल्या हॉटेलसाठी मागायला मी गेलो होतो.

त्याने फडक्याने काच पुसली, मशीन चालू केली आणि दोन्ही तळव्यांनी तिच्यावर दणके घातले. पडद्यावरचं चित्र जरासुद्धा थरथरलं नाही.

"हारलेलं पोट्टं मशीनलेच मारते," तो म्हणाला, "म्हणून मीच आधी मारून पाहतो. तुमच्या हाटेलात पोट्टे खेळतीन ना, भाऊ?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. पण त्याचा हात अजून मशीनवरच होता. मी सांगून टाकलं की, पुतण्या आतलं सगळं काढून फळ्या ठोकणार आणि कपबशा मांडणार आहे. सांगताना माझी मान खाली गेली.

तो रागावला नाही. त्याने बटण बंद केलं आणि खिशातून टेप काढला.

"मशीन नाई देत. तुमाले कपाट पायजे, तर कपाट बनवून देतो. उंची किती ठेवू?"