ठाऊक असलेला प्रश्न

नाबोर सोलोर्सानोनं ग्वादालाहारा शहरातल्या एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीत हयात घालवली होती. तिथेच नव्यानं लागलेल्या यादिराला तर त्यानं हाताला धरून कोड लिहायला शिकवलं. मग कंपनीनं माणसं कमी केली आणि पन्नाशी उलटलेल्या नाबोरलाही नारळ दिला. वर्षभरानं तशीच जागा पुन्हा निघाली, तर काय म्हणे, जुन्यांनीही नव्यांसारखी मुलाखत द्यायची! आहे की नाही शहाणपणा?

मुलाखत घ्यायला नेमकी यादिरा. उमेदवार ओळखीचा असेल तर सांगून बाजूला व्हायचं, असा नियम. तिनं ओळख सांगितलीच नाही. तिच्या जागी दुसरं कुणी बसलं असतं तर नाबोरला कच्चं खाल्लं असतं. घरी बायको अंथरुणाला खिळलेली, तिचं औषधपाणी कंपनीच्या विम्यावर चालायचं. या वयात त्याला दुसरं कुणी दारातही उभं करणार नव्हतं.

आदल्या दिवशी तोर्ताच्या, म्हणजे रश्शात बुडवलेल्या भरल्या पावाच्या गाडीवर तिनं त्याला मुलाखतीतला प्रश्न सांगून टाकला.

"पोरी, हे बरं नव्हे." त्याच्या बोटांवरून तिखट रस्सा ओघळत होता.

"मास्तर, तत्त्वं खिशात ठेवा. फक्त नाटक करा. आधी शंका विचारा, मोठ्यानं विचार करा, एकदा चुका. धाडकन उत्तर दिलंत तर मेलो दोघंही!"

"नाटक? शाळेत मला झाड केलं होतं, तेही हललं."

ती खो खो हसली. पण जन्मात कधी सोंग न केलेल्या माणसाला ते एका दुपारीत कसं जमणार, डोंबल!

मुलाखतीला रेनातो नावाचा शिकाऊ परीक्षक कोपऱ्यात बसला होता. शिकाऊंनी नुसतं बघायचं. यादिराचा प्रश्न अर्धाही झाला नव्हता, तोच नाबोर फळ्याकडे वळला आणि भराभर लिहीत सुटला. शंका नाही, चूक नाही, तोंडातून अवाक्षर नाही.

"थांबा, जरा विचार करून बघा," ती म्हणाली.

तो दचकला. मग बरोबर असलेली ओळ पुसून तिथे मुद्दाम चुकीची लिहायला लागला, बिचारा.

तो गेल्यावर रेनातो म्हणाला, "मॅडम, याला प्रश्न फुटला होता. तुम्ही ओळखता का याला?"

"नाही," यादिरा म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की तिची तिलाच किळस आली.

परीक्षकानं आपलं मत लगेच नोंदवायचं असतं. 'घ्या' लिहिलं असतं तर रेनातोचं बोट तिच्याकडे वळलं असतं, आणि तिची नोकरी गेली असती. तिनं लिहिलं, 'उत्तर पाठ होतं. या उमेदवाराला पुन्हा बोलावू नये.' आणि बटण दाबलं.

संध्याकाळी नाबोरचा फोन आला. "पोरी, मी घोळ घातला ना गं? तुझ्यावर तर काही आलं नाही?"

"नाही, मास्तर."

"सुटलो बाई," तो म्हणाला. "दिवसभर तीच धास्ती होती बघ."