बाजेशी लावलेले टमाटे

निजामी जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. सेलूत मी एका जिनिंगवर कापूस तोलायचं काम करायचो आणि माझी बायको ओसरीवर बाजेला खिळून होती. क्षय होता. डॉक्टरांनी औषध दिलं, ताजी फळं खाऊ घाला म्हणाले आणि आमच्याकडं न बघताच पुढच्या माणसाला हाक मारली. मला कळायचं ते कळलं.

दवाखान्यातून परतताना तिनं पहिल्यांदा टमाटा खाल्ला, मीठ लावून. तेव्हापासून दुसरं काही रुचेना. "आपल्या दारचे पायजेत," म्हणायची. "मी लावते." दारात वीतभर जमीन नव्हती आणि हिला तर उठवत नव्हतं. शेवटी शेतकी खात्यातल्या एका ओळखीच्यानं बुटक्या जातीचं बी दिलं. झाड गुडघ्याच्या वर जात नाही, डब्यातही येतं, म्हणाला. फक्त शेंड्याला हात लावू नका, फुलोरा तिथंच धरतो. मी तेलाचे चार डबे कापले, बुडाला खिळ्यानं भोकं पाडली. नुसती काळी माती डब्यात भेगाळते, म्हणून तीत वाळू आणि शेणखत कालवलं. डबे बाजेशी मांडले. ती पडल्या पडल्या तांब्यानं पाणी घालायची. कळ्या दिसल्या त्या दिवशी मी एक डबा उन्हातून सरकवला म्हणून ती माझ्याशी कडाकडा भांडली. कित्येक महिन्यांत भांडली नव्हती. मला फार बरं वाटलं.

सासरे तीन कोसांवरच्या खेड्यात राहायचे. दर आठवडी बाजाराला यायचे, लेकीच्या उशाशी बसायचे आणि काय बोलावं ते न सुचून घसा खाकरायचे. हयात हरभऱ्यात गेलेला माणूस. हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाड फुटतं, पसरतं, घाटे जास्त लागतात, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. एका बाजारी मी कामावरून आलो तर चारी रोपांचे शेंडे ओसरीवर पडलेले, कळ्यांसकट. सासरे निघून गेले होते.

"तू जागी होतीस?"

"हाव."

"मग बोलली का नाहीस?"

"लय दिसानं त्यांच्या हाताला काम गावलं. हासायले होते. म्हणले, आता बघ कशी फुटतेत."

मी आरडाओरडा केला. डबे फेकून देईन म्हणालो. तिनं माझा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. "बापूंना सांगायचं न्हाई. माझी आन हाय." पुढच्या बाजारी त्यांनी आलेली नवी फूटही खुडली. ती बघत पडून राहिली.

मग ज्वारीची काढणी लागली आणि सासऱ्यांचं येणं थांबलं. उशिरानं फुलं आली ती उन्हानं गळाली. एकही टमाटा धरला नाही. बाजारात मिळाला तर मी आणायचो. ती एक फोड खाऊन बाकीचा बाजूला सारायची. फाल्गुनात सासरे आले तेव्हा डब्यांत नुसत्या काड्या होत्या.

"लय लागले बापू," ती म्हणाली. "रोज एक खाल्ला."

म्हातारा असा फुलला की मला बघवेना. चैत्रात ती गेली.

तेराव्याची जेवणं उरकल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. "पाव्हणं, तिच्या झाडाचं चिमटीभर बी ठिवलं असंल तर द्या. बांधाला लावतो."

माझं डोकं फिरलं. चार महिने गिळलेलं सगळं वर आलं. "कसलं बी? एक टमाटा लागला नाही. तुम्ही शेंडे खुडलेत म्हणून."

"ती तर म्हणली..."

"खोटं बोलली."

त्यांनी हळूच विचारलं, "मी खुडायलो तवा तिला ठावं होतं?"

निदान इथं तरी मी नाही म्हणायला हवं होतं. मी हो म्हणालो.

त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि कुणालाही न सांगता गावाची वाट धरली. मरणाऱ्या पोरीनं बापासाठी मागं एवढीच एक गोष्ट ठेवली होती, ती मी त्यांच्याकडून काढून घेतली.