भावाच्या छातीचं माप

नांदेडला माझं शिवणकामाचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकं माझ्या जिभेला वचकून असतात. माप देताना कुणी पोट आत ओढलं की मी सरळ सांगते, "श्वास सोडा, नाहीतर बटणं तुटतील आणि नावं मला ठेवाल."

धाकटा भाऊ लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. उंच, काटकुळा. मागच्या वर्षी सुट्टीला आला तेव्हा शर्टासाठी मी त्याच्या छातीला टेप लावली. म्हटलं, "मोठा श्वास घे." उजवी बाजू वर आली, डावी जागची हलली नाही.

"आक्का, दोन दिवस झाले, तिकडं दुखून राहिलंय," तो म्हणाला. मी त्याला तसाच ऑटोत घातला. वहीत छातीचा आकडा लिहायचा राहिला.

एक्स-रेत छातीत हवा शिरून डावं फुफ्फुस बसलेलं निघालं. नळी घालून हवा काढली, बरं वाटलं. तीन महिन्यांनी लातूरला ते पुन्हा बसलं, पुन्हा नळी. आता ऑपरेशन केलं नाही तर कधीही बसेल, अगदी फळ्यासमोर उभा असतानासुद्धा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आई-वडील नाहीत. भाऊ तिथल्या दवाखान्यातून फोनवर म्हणाला, "मला काई सुचंना, तूच ठरव." मी घाबरले. पण त्याला दाखवलं नाही.

मी आधी नांदेडच्या सर्जनना भेटले. ते दुर्बिणीने एकाच छिद्रातून हे ऑपरेशन करतात. लातूरचे तीन छिद्रांतून. मी शिवणारी बाई, कापडाला भोकं जितकी कमी तितकी बरी, हे मला कुणी शिकवायला नको. त्यांनी दाखवलेल्या एका छिद्राच्या व्रणाचा मोबाइलवर फोटो घेतला, लातूरची एसटी धरली आणि तिथल्या सर्जनपुढे फोन धरून म्हटलं, "अस्संच करा."

ते हसले नाहीत की चिडले नाहीत. "ताई, आतलं काम दोन्हीकडे तेच. फुफ्फुसावर जो हवेचा फुगा फुटतो तो कापून तिथं शिवायचं आणि छातीचं आतलं अस्तर खरवडायचं, म्हणजे फुफ्फुस त्याला चिकटून राहतं. एका छिद्रात दुखणं कमी, हे खरं. पण ते छिद्र जरा मोठं लागतं आणि हत्यारं एकमेकांत अडकतात. त्यांचा हात त्यावर बसलाय, माझा तीनवर. एकातूनच हवं असेल तर त्यांच्याकडे न्या, गाडीची सोय मी करतो. पण तुमच्या भावावर मी नवीन शिकणार नाही."

दर आठवड्याला एखादी मुलगी असाच मोबाइल माझ्या नाकासमोर धरते, "अस्साच गळा पाहिजे." मला जमणारा नसेल तर मी तिला दुसऱ्या दुकानाचा पत्ता देते. ती फणकारून जाते आणि लग्नाचा ब्लाउज शिवायला माझ्याकडेच येते. मी फोन पर्समध्ये टाकला.

"तीनच करा," म्हटलं.

ऑपरेशननंतर छातीतल्या नळीला जोडलेल्या बाटलीत बुडबुडे येत राहिले. मी दोन दिवस त्या बाटलीकडे बघत बसले. भाऊ कण्हला की वाटायचं, एकाच छिद्रात एवढं दुखलं नसतं, आपण चुकलो. तिसऱ्या दिवशी बुडबुडे थांबले. नर्स म्हणाली, "आता हवा गळत नाही." मी सगळ्या वॉर्डासमोर रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

काखेखालचा बधिरपणा जायला दोन महिने लागले. मग तो पुन्हा वर्गावर उभा राहू लागला आणि एका रविवारी राहिलेला शर्ट मागत दुकानात आला. मी तीच वही उघडली, त्याच्या छातीला टेप लावली.

"मोठा श्वास घे."

दोन्ही बाजू एकदम वर आल्या. टेप माझ्या बोटांतून पुढे सरकली.

"आक्का, झालं का माप?"

"न्हाई," मी म्हटलं. "अजून एकदा घे."