सांगणाऱ्यासकट

धारच्या दरबारात मी कारकून होतो तेव्हा जुनी फारसी कागदपत्रं वाचता यावीत म्हणून दुपारी एका मौलवींकडे जात असे. मशिदीमागं चिंचेखाली चटई टाकून शिकवणी चाले. शिकवता शिकवता ते कुराणातल्या हकीकतींवर येत आणि फारसी बाजूला राही. त्या दुपारी आठवल्या की अजून जीव हळहळतो. इतकं निवांत शिकणं पुन्हा वाट्याला आलं नाही.

एकदा गुहेत वर्षानुवर्षं झोपून राहिलेल्या तरुणांचा विषय निघाला. मी गोष्ट म्हटलं, तर ते रागावले. "किस्सा मत कहो पंडितजी, यह हुआ है!" मग त्यांनी जुन्या भाष्यकारांचा जाडजूड ग्रंथ उघडला. तरुण किती होते, गाव कुठलं, राजा कोण, सगळ्याची चौकशी त्यात होती. आणि प्रत्येक माहितीआधी ती कोणी कोणाकडून ऐकली त्यांची नावं. आमच्या कचेरीतल्या जबान्यांनी त्यापुढं झक मारावी. मी भारावलो आणि, खरं सांगायचं तर, दीडशहाणा झालो.

त्याच सुमारास दरबारानं घराण्याची कैफियत, म्हणजे पिढ्यांची लेखी हकीकत, मागवली. वडील मजकूर सांगत होते, मी लिहीत होतो. आजोबा डही गावाकडे पुंडांशी लढताना, हाती तलवार असता पडले, असं त्यांनी सांगितलं.

मी विचारलं, "पाहिलं कोणी?"

"आईनं सांगितलं मला."

"ती तिथं होती?"

वडील पुढचा मजकूर सांगू लागले. मी 'डहीकडे वारले' एवढंच ठेवलं. त्यांनी पक्की प्रत वाचली, चष्मा पुसला आणि सही केली.

दोन दिवसांनी ही मर्दुमकी मी मौलवींना ऐकवली. त्यांचा चेहरा उतरला.

"दादी झूठी थीं?"

"नहीं."

"तो काटा क्यों? हमारे बुजुर्ग कमजोर बात भी लिखते हैं, साथ में लिख देते हैं कि कमजोर है. सुनानेवाले को बाहर नहीं निकालते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तडक घरी आलो. कागद केव्हाच दरबारात पोचला होता. वडिलांना म्हटलं, अर्ज करू, 'आईच्या सांगण्यावरून' असं लिहून ती ओळ पुन्हा घालू.

"राहू दे," ते म्हणाले. "तुझंच बरोबर असेल. मी दोन वर्षांचा होतो रे. बाप म्हणून माझ्याकडे तेवढंच होतं."