निळ्या फुग्याखालचे कुटुंब

ठिकाण: वेंगुर्ले बंदर. काळ: सन पन्नासचा श्रावण. हजर: माझी आई, माझी निपुत्रिक थोरली वहिनी सुंदरा, मुंबईचे एक प्राध्यापक आणि साक्षीदार म्हणून मी, अर्जनवीस.

आज ओल्या वाळूवर काचेसारखा चकाकणारा, डंख मारणारा तसाच निळा समुद्री फुगा दिसला आणि ती सकाळ समोर उभी राहिली. घर वहिनीच्या मासळीविक्रीवर चालत होते, तरी मूल नाही म्हणून आई तिला कायमची माहेरी धाडणार होती. प्राध्यापकांनी फुगा काठीने उलटला. म्हणाले, "हा एक प्राणी नव्हे, कुटुंब आहे. त्यातले काही जीव खाऊन सर्वांना पोसतात, काही डंख मारतात, काही केवळ वंश वाढवतात. त्यांना तोंडही नसते."

वहिनी टोपली सावरत म्हणाली, "आये, ऐकलास? पोसणारी मी. पोरां धाकट्या जावेक आसत. मगे माका कित्याक धाडतास?"

आई फणकारली, "म्हणजे डंख मारणारी मी गो?"

"तां तुमीच म्हटलास!"

आईला हसू आवरेना. वहिनी राहिली. तेव्हा मला ती थट्टा वाटली; आज कळते, इतकी मुद्देसूद कैफियत माझ्याही लेखणीतून कधी उतरली नाही.

तिचा नवरा, माझा थोरला भाऊ, वारल्यापासून भावकी तिला पुन्हा घराबाहेर काढू पाहते. सबब भावकीस विनंती की, तिचा या घरातील हक्क मान्य करावा आणि तसे लेखी कळवावे.